क्योटोत डोकी मोजण्यापेक्षा येन कुठं जातो ते मोजा

क्योटो शहराने २०१८ च्या ऑक्टोबरात मुक्कामकर लावला, तेव्हा सगळ्यात महागड्या खोलीलाही माणशी, दर रात्री एक हजार येनच पडत. १ मार्च २०२६ पासूनच्या दरात ही कमाल रक्कम दहा हजारांवर गेली. रात्रीचं भाडं माणशी एक लाख येन किंवा त्याहून जास्त असेल तर दहा हजार, पन्नास हजारांपासून पुढे चार हजार, वीस हजारांपासून एक हजार, सहा हजारांपासून चारशे आणि त्याखाली पूर्वीसारखेच दोनशे. या करावर जपानमध्ये आणि बाहेरही भरपूर बोललं गेलं, पण सगळं बोलणं गर्दीभोवतीच फिरत राहिलं. गावातल्या माणसाला बसमध्ये उभं राहायला जागा नाही, गल्ल्यांत कचरा, माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ नर्तकींच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणारे लोक. मग कर वाढवला तर माणसं कमी येतील का?

प्रश्न खोटा नाही. नेहमीच्या कामाला निघालेल्या आजीबाईंना चार बस सोडाव्या लागत असतील तर महापालिकेने काहीतरी करायलाच हवं, आणि ती करतेही आहे. सातशे येनांचा दिवसभराचा बसपास बंद झाला, जून २०२४ पासून पर्यटकांसाठी पाचशे येनांची वेगळी जलद बस सुरू झाली. पण गर्दी हे लक्षण आहे. दुखणं असं की, ज्या हातांमुळे हे शहर अजून बघण्यासारखं राहिलंय त्या हातांपर्यंत येणाऱ्या पाहुण्याचा पैसा पोचत नाही. माणसं निम्मी झाली आणि पैशाची वाट तीच राहिली, तर बस रिकाम्या होतील आणि विणकरांचे मागही बंद पडतील. गर्दीवरच्या उपायांनी हे दुखणं बरं करू पाहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

क्योटोबद्दल लिहिताना खरेदी, रात्रीची मजा आणि पारंपरिक कला असे तीन कप्पे पाडायची सवय पर्यटन-पुस्तिकांनी लावली आहे. महापालिकेच्या खात्यांचे कप्पेही तसेच. या शहराचा व्यवहार मात्र या तिघांना एकत्र बांधूनच उभा राहिला, आणि हे काही फार जुनं गौडबंगाल नाही. १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले. हजार वर्षं दरबाराला कापड, पंखे, भांडी पुरवणाऱ्या शहराचं मुख्य गिऱ्हाईकच उठून गेलं. लोकसंख्या झपाट्याने घटली. तेव्हाच्या प्रशासनाने, त्यातही माकिमुरा मासानाओ या करड्या अधिकाऱ्याने, १८७२ मध्ये दोन गोष्टी केल्या. मालाचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्याला माणसं यावीत म्हणून गिऑन या वस्तीतल्या नर्तकींचा ‘मियाको ओदोरी’ हा समूहनृत्याचा कार्यक्रम उभा केला. तिसऱ्या इनोउए याचियो या नृत्यगुरूंनी तो बसवला. पोन्तोचो या नर्तकींच्या दुसऱ्या वस्तीचा ‘कामोगावा ओदोरी’ही त्याच सालचा. दुसरी गोष्ट म्हणजे निशिजिन या विणकर पेठेतली तीन माणसं फ्रान्समधल्या लिऑनला धाडली. ती नक्षी विणायचं जॅकार्ड यंत्र शिकायला आणि विकत घ्यायला गेली होती. दोघं परतले, तिसरा, योशिदा चुशिची, परतीच्या वाटेवर जहाज बुडून गेला.

म्हणजे नाच, बाजार आणि माग यांवर एकाच वर्षी, एकाच हेतूने सरकारी पैसा लागला. पाहुण्याने नाच बघावा, संध्याकाळी खावं-प्यावं आणि दुसऱ्या दिवशी माल विकत घ्यावा, असा तो सरळ हिशेब होता. आज पहिली दोन कामं जोरात चालतात. तिसरं गळून गेलं आहे.

ते का गळालं हे समजायला निशिजिनचा एक ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचा पट्टा, कसा होतो ते पाहावं लागेल. समारंभाच्या ओबीची लांबी साडेचार मीटरच्या आत-बाहेर आणि रुंदी साधारण ३१ सेंटीमीटर. आधी चित्रकार नक्षी काढतो. ती दुसरा माणूस चौकटीच्या कागदावर घरं भरून उतरवतो. एक घर म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, कोणता धागा वर उचलायचा याचा हुकूम. त्यावरून पूर्वी पुठ्ठ्याची छिद्रपट्टी होई, आता संगणकाची फाईल होते. रेशमाला पीळ देणारा वेगळा, रंगारी वेगळा, ताणा ओढणारा वेगळा, तो मागावर जोडणारा वेगळा. मग विणकर. लहानमोठी वीसेक कामं, आणि बहुतेक कामांचं घर वेगळं, मालक वेगळा. विणकामही पुष्कळदा शहरात होतच नाही. क्योटो प्रांताच्या उत्तरेला समुद्रकाठच्या तांगो भागातल्या घरांतून माग चालतात.

सोनेरी ओबीत आणखी एक धंदा मिसळतो. सोन्याचा वर्ख रोगणाने हातकागदावर बसवतात आणि तो कागद केसासारख्या बारीक पट्ट्यांत कापतात. कापताना एका कडेला पट्ट्या जोडलेल्याच ठेवतात, कारण वर्खावर नक्षी असेल तर क्रम चुकून चालत नाही. विणकर एकेक पट्टी सुटी करतो, बांबूच्या खाचेच्या काडीत अडकवून ताण्यातून ओढतो, वर एक बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा टाकतो, फणी ठोकतो. ओढताना पट्टी उलटली की सोन्याच्या जागी कागदाची पांढरी पाठ दिसते. मग मागे यायचं, उसवायचं, पुन्हा ओढायचं. कागद कोरड्या हवेत कडक होऊन तुटतो, त्यामुळे खोलीतला ओलावाही सांभाळायचा.

‘त्सुझुरे’ या प्रकारात तर यंत्राचं जवळजवळ कामच नाही. ताण्याखाली नक्षीचा कागद ठेवायचा, रंगारंगाच्या कांड्या हाताने फिरवायच्या आणि बाणा ओढून घट्ट बसवायला स्वतःच्या नखांना कानशीने करवतीसारखे दाते पाडून घ्यायचे. बारीक नक्षी असेल तर दिवसाला सेंटीमीटरभर काम होतं. येवल्या-पैठणकडच्या वाचकाला हे वाचून पैठणीचा पदर आठवेल. तंत्र सख्ख्या नात्यातलं आहे. फरक इतकाच की पैठणीत दोन रंगांचे धागे सांध्यावर एकमेकांत अडकवतात, आणि त्सुझुरेत तसं न अडकवल्याने रंग बदलतो तिथे बारीक उभी फट राहते. खरा माल ओळखायची ती एक खूणही आहे.

या साखळीचा धंदा १९९० च्या सुमारास शिगेला होता. आज विक्री त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली आहे. किमोनो नेसणारे कमी झाले हे कारण सगळ्यांना माहीत आहे. ज्याची चर्चा कमी होते ते असं की धंदा असा आकसतो तेव्हा विणकर सगळ्यात शेवटी जातो. आधी जातो धोटा करणारा, म्हणजे बाणा ताण्यातून आरपार नेणारं अवजार घडवणारा. निशिजिनचा धोटा आकागाशी नावाच्या घट्ट ओकच्या, वर्षानुवर्षं वाळवलेल्या लाकडाचा असतो. त्याचा तोल आणि धागा सुटण्याचं भोक चुकलं की रेशीम तुटतं. हजारो माग होते तेव्हा धोटे करणाऱ्यांची घरं चालत. आता उरलेल्या मागांना वर्षाला जितके धोटे लागतात त्यात एका माणसाचंही पोट भरत नाही, आणि तो एक माणूस गेला की सगळे माग जुन्या धोट्यांच्या डागडुजीवर. फण्या आणि ताणा उचलणाऱ्या फासांचंही तेच. विसाव्या शतकाच्या शेवटी मागांना संगणक लागले तेव्हा नक्षी साडेतीन इंची फ्लॉपीवर साठवली गेली. सोनीने त्या फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली, आणि हातमागाच्या पेठेत लोक फ्लॉप्या जपून ठेवायला लागले.

किमोनोवर हाताने रंगवायच्या युझेन कामातही कच्चा दुवा असाच कोपऱ्यात आहे. रेशमावर पहिलं रेखाटन आओबाना नावाच्या निळ्या फुलाच्या रसाने करतात, कारण तो रंग पाण्याने पूर्ण निघून जातो. त्या रेघेवर भाताच्या खळीची बारीक दोरी टाकायची, आत रंग भरायचा, वाफ द्यायची, धुवायचं. खळ होती तिथे पांढरी रेघ उरते. ते फूल शेजारच्या शिगा प्रांतातल्या कुसात्सूत पिकतं. भर उन्हाळ्यात पहाटेपासून पाकळ्या खुडायच्या, रस काढायचा, हातकागदावर पुन्हा पुन्हा चढवून वाळवायचा. हे करणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कृत्रिम निळी शाई मिळते आणि स्वस्त आहे, पण वाफेची उष्णता लागली की ती कधीकधी कापडात बसते.

आता सरकारी मदतीचं पाहू. जपानचा पारंपरिक हस्तोद्योगांचा कायदा १९७४ चा. त्यातली मान्यता मिळवायला माल रोजच्या वापरातला हवा, मुख्य काम हाताचं हवं, तंत्र आणि कच्चा माल साधारण शंभर वर्षांपासूनचा हवा, आणि त्या भागात निदान दहा उद्योग किंवा तीस माणसं ते काम करणारी हवीत. शेवटची अट पुन्हा वाचा. निशिजिनचं कापड या चाळणीतून १९७६ मध्येच पार झालं. धोटे करणारा एकटा माणूस कधीच होणार नाही. कारागिरीची अवजारं आणि कच्चा माल यांसाठी त्या यादीत वेगळा वर्ग आहे, पण त्यात कानाझावाचा सोन्याचा वर्ख, इसेचे कागदी छाप अशी मोजकीच नावं. सांस्कृतिक वारसा खातं १९७५ पासून काही दुर्मीळ तंत्रांना निवडून आधार देतं, पण त्याचा रोख वारशाच्या वस्तूंच्या जतनाकडे आहे, चालू धंद्याकडे नाही. थोडक्यात, दुवा जितका दुबळा तितका तो कायद्याला कमी दिसतो.

दुसऱ्या टोकाला पाहुणा काय करतो? कियोमिझू देवळाकडे चढणाऱ्या रस्त्यांवर भाड्याच्या किमोनोंची दुकानं ओळीने आहेत. तीन ते पाच हजार येनांत किमोनो, ओबी, चपला, पिशवी, थोडी केशरचना, संध्याकाळी परत. यातलं बहुतेक कापड पॉलिएस्टरचं, छापील नक्षीचं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पावसात भिजलं तर धुता येतं, दिवसाला दोन अंगांवर चढवता येतं, आणि रेशमी किमोनो कुणी त्या भावाने भाड्याने देऊच शकत नाही. पण चार हजार येनांतला किती भाग निशिजिनला जातो? जवळजवळ शून्य. तरीही जाहिरात मात्र ‘क्योटोची पारंपरिक वेशभूषा’ अशीच. कापड कसलं, कुठं विणलं, नक्षी हाताची की छापील, हे भाड्याच्या फलकावर लिहायची सक्ती करायला महापालिकेला एक येनही खर्च येणार नाही. आपल्याकडे सेमी-पैठणीने अस्सल विणकराचं काय केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की अस्सल मालाचं नियमित गिऱ्हाईक शहरात अजून आहे, आणि ते रात्री भेटतं. गिऑन कोबू, गिऑन हिगाशी, मियागावाचो, पोन्तोचो आणि कामिशिचिकेन ही गेइको आणि माइको यांची पाच मोहोल्ल्यांची वस्ती. गेइको म्हणजे क्योटोची गेइशा, माइको तिची शिकाऊ धाकटी. माइकोचा पाठीवरून लोंबणारा ओबी पाच मीटरपेक्षा लांब आणि त्याच्या टोकाला तिच्या घराचं चिन्ह विणलेलं, म्हणजे तो मागणीवरूनच विणला जाणार. तो बांधायला वस्त्र नेसवणारा पुरुष येतो, कारण एकटीच्या ताकदीने तो आवळत नाही. पायात दहा सेंटीमीटर उंचीचे लाकडी जोडे. केसांत रेशमी चिंध्यांची फुलं, दर महिन्याला वेगळी: एप्रिलमध्ये साकुरा म्हणजे चेरीचा बहर, नोव्हेंबरात मेपल, आणि डिसेंबरात दोन इवल्या पाट्या, ज्यांवर मिनामिझा नाट्यगृहात वर्षअखेरीच्या खेळाला आलेल्या आवडत्या काबुकी नटांची सही घ्यायची. एका मुलीच्या अंगावर विणकर, रंगारी, सुतार, फुलं करणारी, केस बांधणारा, छत्री करणारा अशा दहा-बारा धंद्यांचं काम एकाच वेळी असतं, आणि ऋतू बदलला की सगळं बदलतं. ही मागणी थांबली तर त्यातले काही धंदे त्याच वर्षी बंद होतील.

म्हणून ओचाया, म्हणजे ही मैफल जिथे होते ते घर, ओळखीशिवाय माणूस आत घेत नाही याबद्दल जी नाकं मुरडली जातात, ती मला पटत नाहीत. हा उधारीचा धंदा आहे. ओचायाला स्वतःचं स्वयंपाकघर बहुधा नसतं. जेवण बाहेरच्या खानावळीतून येतं, गेइको तिच्या घरून येते, गाडी बोलावली जाते, आणि हे सगळे पैसे मालकीण आधी भरते. पाहुण्याला बिल नंतर, एकत्र जातं. अनोळखी माणसाला उधार कोण देईल? ओळख देणारा माणूस म्हणजे जामीनदार. हे दार सगळ्यांना उघडा म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब कसा बदलायचा ते सांगावं. शिवाय ज्याला नृत्य बघायचं आहे त्याच्यासाठी एप्रिलमध्ये मियाको ओदोरी आणि मे महिन्यात कामोगावा ओदोरी तिकिटावर आहेतच. सात कलांचे तुकडे तासाभरात दाखवणाऱ्या कार्यक्रमापेक्षा त्या तिकिटातून नाचणारीला आणि तिच्या कपड्यांना जास्त मिळतं.

गिऑनच्या फोटोबंदीबद्दलही तेच. २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येन दंड अशा पाट्या लागल्या, २०२४ मध्ये काही गल्ल्यांत शिरण्यावरच बंदी आली. मुख्य हानामिकोजी रस्ता महापालिकेचा, त्यामुळे तो खुलाच. दंड प्रत्यक्षात वसूल करणं अवघड आहे हे पाट्या लावणाऱ्यांनाही ठाऊक आहे. तरी पाट्या बरोबर आहेत. कामावर जाणाऱ्या मुलीचा पदर ओढणाऱ्याला पाहुणा म्हणायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे मांडायला हवी. हा धंदा टिकावा असं म्हणणाऱ्यांनी त्यातल्या मुलींच्या वयाकडे डोळेझाक करू नये. माइको पंधराव्या वर्षी, शाळेची नऊ वर्षं संपली की घरात दाखल होते. शिकाऊ काळात पगार नाही, खर्च घर करतं. जपानमध्ये दारू पिण्याचं वय वीस आहे. २०२२ मध्ये एका माजी माइकोने अल्पवयात दारू पाजली गेल्याचे आरोप जाहीरपणे केले आणि प्रकरण देशभर गाजलं. परंपरेच्या नावाखाली हे झाकता येणार नाही. लेखी करार, कामाचे तास आणि वीस वर्षांखालील मुलींच्या हाती पेला न देणं, एवढं केल्याने विणकराचा एकही ओबी कमी खपणार नाही.

रात्रीची दुसरी बाजू कियामाची या रस्त्यावर आहे. १६१४ मध्ये खोदलेल्या ताकासे कालव्याच्या काठाने बार, रामेनची दुकानं, क्लब. जिंगू-मारुतामाचीच्या भुयारी स्टेशनापाशी १९९० पासून चालणारा ‘मेट्रो’ नावाचा नाचाचा क्लब ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत असेल की १९४८ च्या कायद्याने रात्री उशिरा लोकांना नाचवणं कित्येक वर्षं बेकायदा होतं. २०१५ मध्ये कायदा बदलला, जून २०१६ पासून लागू झाला. आता आतला उजेड दहा लक्सच्या वर ठेवला, म्हणजे सिनेमाच्या मध्यंतराएवढा, तर परवाना घेऊन रात्रभर चालवता येतं. २००७ च्या नगररचना धोरणाने छतावरच्या आणि लुकलुकणाऱ्या जाहिराती बंद केल्या, त्यामुळे ही रात्र ओसाकाइतकी झगमगत नाही, आणि ते चांगलंच झालं. उन्हाळ्यात कामो नदीकाठी निजो ते गोजो पुलांदरम्यान नव्वदच्या आसपास खानावळी लाकडी मचाणं बांधून पंगती मांडतात. मुदत संपली की मचाण सोडवून ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा बांधायचं; म्हणजे सुतारांना दरवर्षी काम.

पण याच वेळी हस्तकलेची दुकानं कुठं असतात? बंद. निशिकी बाजार आणि जुन्या पेढ्या संध्याकाळी पाच-सहाला फळ्या लावतात. दिवसा देवळं बघून दमलेला पाहुणा सहा वाजता मोकळा होतो तेव्हा त्याच्या खिशातले येन घ्यायला बार असतात, डिपार्टमेंट स्टोअर असतात आणि औषधं-प्रसाधनांची दुकानं असतात. मराठी सहलींत तर क्योटोला बहुधा एक-दोन दिवस. तोरणांचं फुशिमी इनारी, सोनेरी मंडप, आराशियामाचं बांबूचं बन झालं की बस हॉटेलकडे. कारागिराला संध्याकाळी दुकान उघडं ठेवायला सांगणं सोपं, पण तो सकाळी सातपासून कामावर असतो. म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी दहा-बारा कारागिरांचा माल एका जागी, विक्रेता महापालिकेच्या पगारावर, असं काही व्हायला हवं. शहरातल्या ओकाझाकी भागात क्योटोच्या ७४ पारंपरिक कलांचं संग्रहालय आहेच. तिथला दिवा रात्री नऊपर्यंत जळला तर काय बिघडेल?

विक्री वाढली की सगळं सुटतं असंही नाही. माचाचं, म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीचं, पाहा. माचासाठी चहाच्या मळ्यावर तोडणीआधी वीसेक दिवस सावली धरावी लागते, आणि दगडी जातं तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास दळतं. जगभरात माचाचं वेड वाढलं तेव्हा २०२४ च्या शरदात क्योटोतल्या जुन्या पेढ्यांनी माणशी डब्यांची मर्यादा घातली. चहाचा विधी शिकवणाऱ्या शाळांना रोजच्या सरावाला चहा मिळेना. म्हणजे उथळ मागणी गरजूचा घासही काढून घेते. निशिकीत काडीला टोचलेले, जागेवरच खायचे पदार्थ विकणारी दुकानं वाढली आणि रोजचा भाजी-मासळीवाला मागे सरकला, तेही याच जातीचं. याच बाजारातल्या घाऊक भाजीवाल्याच्या घरात १७१६ मध्ये इतो जाकुचू हा थोर चित्रकार जन्मला, आणि बाजारावर बंदीचं संकट आलं तेव्हा तो ब्रश ठेवून त्याच्या खटपटीला लागला होता.

महागडं विकणं हाही रामबाण नाही. जुलैच्या गिऑन उत्सवात २०२३ पासून चार लाख येनांपर्यंतच्या खास बैठका विकल्या गेल्या, खाण्यापिण्यासकट. पुढच्या वर्षी यासाका मंदिराच्या मुख्य पुजाऱ्यांनी त्यातल्या मद्यावर जाहीर नाराजी दाखवली. हा उत्सव शोभेचा नाही, रोगराई शमवण्याचा विधी आहे, ही त्यांची बाजू योग्यच होती. या उत्सवातल्या रथांवर पडदे म्हणून बेल्जियमच्या सोळाव्या शतकातल्या चित्रभिंती आहेत आणि दख्खनमध्ये विणलेले गालिचेही आहेत, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपली ऐपत दाखवायला परदेशी कापड घेतलं, ते झिजलं की निशिजिनकडून तसंच विणून घेतलं. चार लाखांची खुर्ची त्यात कुठंच बसत नाही. झिजलेल्या पडद्याची प्रत विणून घ्यायला तेवढे पैसे मागितले असते तर देणारे मिळाले असते.

मग मुक्कामकराचं काय करावं? त्यातला ठरलेला हिस्सा, लेखी आणि दरवर्षी जाहीर होणारा, साखळीतल्या अवजारं करणाऱ्यांसाठी बाजूला काढावा. उत्सवांना आणि जाहिरातपटांना तो नको. एक उमेदवार शिकाऊ म्हणून ठेवायला पाच वर्षांचा पगार. वाळवलेल्या लाकडाचा, फण्यांचा, आओबाना कागदाचा साठा महापालिकेने विकत घेऊन मागणीप्रमाणे द्यायचा, म्हणजे करणाऱ्याला वर्षभर काम आणि घेणाऱ्याला वेळेवर माल. खासगी उद्योगाला करदात्याचा पैसा का, असं विचारतील. उत्तर असं की हा पैसा करदात्या नागरिकाचा नाही, पाहुण्याचा आहे, आणि पाहुणा ज्यासाठी येतो ते टिकवायला तो जातो. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो हेही दिसलं आहे. १६८८ पासूनच्या होसोओ या निशिजिनच्या घराण्याने ३१ सेंटीमीटरच्या ओबीत अडकून न पडता २०१० मध्ये १५० सेंटीमीटर रुंदीचा माग बसवला आणि त्याचं कापड जगातल्या बड्या दुकानांच्या भिंतींवर गेलं. पण त्या मागालाही वर्ख कापणारा, पीळ देणारा, सुटे भाग करणारा लागतोच. शिखरावरचं घराणं वर गेलं म्हणून पायथा आपोआप भरत नाही.

ज्याला लाखांचा ओबी घेणं शक्य नाही त्यानेही काही घ्यावं. दहा हजार येनांच्या आतही क्योटोची अस्सल वस्तू मिळते: घडीचा पंखा. त्याच्या काड्या बहुधा शिगा प्रांतातल्या आदोगावात होतात, कागद आणि घडी क्योटोत. क्योटोच्या पंख्याला काड्या पुष्कळ, पंचवीस ते पस्तीस. दुकानात तो उघडून पाहण्यापेक्षा मिटून पाहा. शेवटच्या दोन जाड काड्यांना ऊब देऊन टोकं आत वाकवलेली असतात. त्यामुळे चांगला पंखा सोडला तरी घट्ट मिटलेला राहतो. स्वस्त पंख्याच्या काड्या सरळ, तो मिटवला की हळूच फुगून उघडतो. ओबी घ्यायचाच असेल तर निशिजिनच्या संघटनेची सोनेरी चष्म्याच्या आकाराची चिठ्ठी आणि तीवरचा सभासद क्रमांक पाहा, आणि हातमागाचा म्हणून दाम सांगत असतील तर हातमागाची वेगळी चिठ्ठी मागा. यंत्रमागाचा निशिजिन ओबी खोटा नसतो, फक्त त्याची किंमत वेगळी असायला हवी. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात आणि २५ ला कितानो तेनमांगूत जुना बाजार भरतो. तिथे रेशमी किमोनो हजार येनांतही मिळतो, मात्र जुन्या बाह्या आखूड असतात आणि घडीवर रेशीम विरलेलं असतं, ते उजेडात धरून पाहावं.

नोव्हेंबर २०२६ पासून परदेशी पाहुण्याला दहा टक्के उपभोगकर दुकानातच माफ होणार नाही. आधी भरायचा आणि देश सोडताना परत मिळवायचा. एवढी यंत्रणा उभी राहतेच आहे तर परतावा कोणत्या मालावर किती, हेही ठरवता येईल. विमानतळावरच्या गोळ्या-प्रसाधनांच्या पेटीला आणि हातमागाच्या ओबीला एकच सवलत देणं हा निर्णय टोकियोत होतो, क्योटोत नाही. पण मागणी तरी क्योटोच्या महापौरांनी करायला हवी, आणि मुक्कामकराचा जमाखर्च मांडतात त्याच सभेत.